साडेसहाच्या आधी आप्प नाही

श्रीलंकेच्या सहलीसाठी वकिलाने खाण्याची यादी एक्सेलमध्ये केली होती. सहा रकाने. गाव, पदार्थ, दुकान, किलोमीटर, अंदाजे खर्च आणि शेवटी 'अण्णासाठी काय'. सातवा रकाना हवा होता, तो चौघांतल्या एकाच्याही डोक्यात आला नाही. किती वाजता, हा.

चौघं म्हणजे मी, माझं बेळगावच्या खडेबाजारात हार्डवेअरचं दुकान. वकील, जो कोर्टापेक्षा समोरच्या चहाच्या गाड्यावर लवकर सापडतो. मास्तर, खानापूर तालुक्यात मराठी शाळेवर. आणि अण्णा, शहापूरचा साड्यांचा व्यापारी. घरात कन्नड, गल्लीत मराठी, लिंगायत, जन्मात अंड्याला हात न लावलेला. दोस्ती शाळेपासूनची. दर वर्षी चोर्ला घाट उतरून गोव्यात मासे खायचे हा आमचा नेम, आणि तिथे सोलकढी-भातावर दिवस काढायचा हा अण्णाचा.

पन्नाशीच्या आत एकदा परदेशात स्वतः गाडी हाकत, खात हिंडायचं, हे बरीच वर्षं नुसतं बोलणंच होतं. श्रीलंका ठरली त्याची कारणं साधी. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते, जेवणात भात आणि नारळ आहे, आणि हिशेब माणशी 60 हजारांच्या आत बसत होता. मास्तरला सुट्टी मेमध्ये, म्हणून 2024 चा मे. तिकडे तेव्हाच पावसाला सुरुवात होते, हे तिकिटं काढल्यावर कळलं.

कागदपत्रांचं फार सांगण्यासारखं नाही. मी आणि वकील गाडी चालवणार, म्हणून दोघांनी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला. शुल्क हजार रुपये, मुदत एक वर्ष, सोबत पासपोर्ट, व्हिसा आणि तिकिटाच्या प्रती. तेव्हा नुसता तो दाखवून भागत नव्हतं, त्यावर तिथल्या ऑटोमोबाइल असोसिएशनची मान्यता लागायची. गाडी भाड्याने देणाऱ्याने आमच्या प्रती आधी मागवून ते काम उरकून ठेवलं होतं. माझ्या पासपोर्टवर जन्मगाव 'बेळगाम', 1 नोव्हेंबर 2014 ला सरकारी नाव बदललं म्हणून नव्या लायसन्सवर 'बेळगावी', आणि तोंडात 'बेळगाव'. कोलंबोच्या विमानतळावरच्या साहेबांनी पासपोर्ट उघडून विचारलं, "बेल्जियम?" मागून वकील म्हणाला, "चला, चौथं नाव झालं."

राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बेंगळुरू, तिथून विमान. बॅगेत दोन किलो कुंदा, गोकाकचं करदंट आणि संकेश्वरी मिरचीचा ठेचा. ठेचा अण्णाच्या आईने दिला होता. परदेशात तिखट मिळत नाही, अशी म्हातारीची खात्री होती.

पहिला मुक्काम विमानतळाजवळ, नेगोम्बोला. सकाळी समुद्रावर गेलो तर वाळूवर काथ्याच्या चटया अंथरून मैलभर मासळी वाळत घातलेली. वेंगुर्ल्याचा वास. माझं आजोळ सावंतवाडीकडचं, त्यामुळे मला तो वास लागतो तेव्हा भूकच लागते. अण्णा रुमाल नाकाला लावून गाडीतच बसला.

घरमालकिणीने नाश्त्याला जे वाढलं ते बघून मी जरा गप्प झालो. तांदळाच्या पिठाच्या उकडलेल्या शेवया, पुरीएवढ्या चकत्या करून एकावर एक रचलेल्या. आमच्याकडे हेच शिरवाळे. आजी ते गुळाच्या नारळरसात द्यायची. इथे नारळाचं पिवळं पातळ कालवण, मसुरीची डाळ आणि 'पोल सांबोल', म्हणजे ओलं खोबरं, लाल मिरची, कांदा, लिंबू हातांनी चुरून केलेली चटणी. अण्णाने सांबोल तीनदा मागून घेतलं. "आमच्या अव्वाच्या ठेच्याला जोड मिळाली की रे," म्हणाला.

आता कबुलीचं सांगतो. पहिल्याच घासाला मला त्या चटणीत काहीतरी ओळखीचं लागलं होतं. खोल, खारट, धुराचं. सुकटीसारखं, पण सुकट नव्हे. मी ताटात बोटाने चिवडून बघितलं, तर खोबऱ्यात तांबूस भुगा दिसला. उंबलकड. ट्यूनाच्या जातीचा मासा उकडून, धुरावर धरून, उन्हात वाळवून लाकडासारखा कडक करतात आणि कुटून चिमूट-चिमूट सगळ्यात घालतात. आपण हिंग घालतो तसा. अण्णा समोर इतक्या आनंदाने जेवत होता की माझं तोंड उघडलंच नाही. मग दुपार झाली, रात्र झाली, आणि जितका वेळ गेला तितकं सांगणं अवघड होत गेलं.

त्याच दिवशी घड्याळाचा पहिला फटका बसला. किल्ला, चर्च, कालवा असं बघत बसलो आणि चार वाजता यादीतल्या 'राइस अँड करी'च्या दुकानात शिरलो. मालक म्हणाला, भात संपला. बरं, कोत्तू, म्हणजे तव्यावर चिरून परतलेली रोटी? ते दिवस मावळल्यावर. मग आप्प, म्हणजे तांदळाच्या पिठाची वाटीसारखी आंबोळी? साडेसहाला या. चहा प्यायलो. वकिलाने एक्सेल उघडून त्या ओळीला लाल रंग दिला, जसा काही दोष दुकानाचाच.

दुसऱ्या दिवशी जाफन्याकडे निघालो. पुत्तलम, अनुराधपूर, मग ए-नऊ रस्ता. गाडी सुझुकी वॅगन आर, पण जपानी अवतार. ऑटोमॅटिक, आवाज नाही, आणि हाच घोटाळा. गाडी किती पळते ते कानाला कळत नाही. तिथे गावाबाहेर मोटारीला 70 ची मर्यादा आणि वस्तीत 50. आपल्याकडे पन्नासच्या पाटीला कोण विचारतो? एका गावाच्या तोंडाशी, साडेबाराच्या सुमाराला, आंब्याच्या झाडाआडून पांढऱ्या हातमोज्यांचा हात पुढे आला. मी चालवत होतो. अडुसष्ट.

पोलीस अतिशय सभ्य. त्याने माझा तिथला परवाना काढून घेतला, एक पावती दिली आणि समजावलं की दंड पोस्टात भरायचा, पोस्टाची पावती घेऊन ठाण्यावर यायचं, मग परवाना परत. दंड तीन हजार श्रीलंकन रुपये, आपले साडेआठशेच्या आसपास. वकिलाने सवयीने "इथेच काही..." असं सुरू केलं. मी त्याच्या पायावर पाय दिला. पोस्ट शोधलं, तर पुढे पेन्शनवाल्या आजोबांची रांग. ठाण्यावर गेलो, तर आमचे साहेब अजून त्या झाडाखालीच. परवाना हातात पडला तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

भाताच्या दुकानातल्या बाईने मातीची भांडी एकेक करून तिरकी करून दाखवली. डाळ, रिकामी. बीट, रिकामं. पोलोस, म्हणजे फणसाची कुयरी, तिच्या तळाला मसाला चिकटलेला होता, मास्तर तो बघून अक्षरशः कळवळला. सकाळी एकदा शिजवायचं, अकरापासून वाढायचं, दोन-अडीचला भांडी धुवायची, असा तिथला धर्म. उरवायचं नाही, पुन्हा तापवायचं नाही. पटण्यासारखं आहे, पण रिकाम्या पोटी पटत नाही.

तेवढ्यात बेथोव्हेन ऐकू आला. खरंच. त्या देशात पाव विकणारी रिक्षा बेथोव्हेनची ती डोअरबेलमधली धून वाजवत गल्लोगल्ली हिंडते; मागच्या काचेच्या कपाटात पाव, बन, केक. त्रिकोणी बन म्हणजे आत मासा, हे आम्हाला तोवर माहीत झालं होतं. आम्ही तिघांनी त्रिकोण घेतले. अण्णाने साधा पाव आणि आंबुल केळी घेतली. आंबुल म्हणजे आंबट. हा शब्द कानावर पडल्यावर मास्तरच्या अंगात आलं, ते जाफना येईपर्यंत उतरलं नाही.

तो सांगत होता ते असं. सिंहली ही आपल्या बाजूची भाषा. लुणु मिरिस म्हणजे लोण आणि मिरची. किरिबत म्हणजे क्षीर आणि भात. हकुरु म्हणजे गूळ, पण मूळ शब्द शर्करा, 'स'चा 'ह' झाला. आठला अट, दहाला दहय. "मग मराठी बोलूनच बघतो की," म्हणत वकिलाने पंपावर "पाणी हाय काय?" विचारलं. पंपावरच्या पोराने टायरात हवा भरली.

एलिफंट पास ओलांडला, दोन्ही बाजूंना मिठागरं लागली आणि पाट्या उलटल्या. बेळगावच्या माणसाची नजर आधी पाटीवर जाते, मग दुकानात. कुठली भाषा वर, कुठली खाली, कुठलं अक्षर केवढं, हे आम्ही न ठरवता मोजतो. दक्षिणेत सिंहली वर होती, तमिळ मध्ये. इथे तमिळ वर. श्रीलंकेत फक्त सिंहली राजभाषा करण्याचा कायदा 1956 चा. त्याच वर्षी राज्य पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. गाडीत हा विषय निघाला आणि लगेच मिटला, कारण गाडीत अण्णाही होता आणि आम्ही चौघं तो विषय तीस वर्षं असाच मिटवत आलोय. शिवाय इथल्या तमिळांनी जे भोगलं त्याच्याशी आमचं दुखणं तोलायला गेलो तर काटा हलायचाही नाही.

जाफन्यात एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी उतरलो. मास्तरमुळे जमलं, शिक्षक शिक्षकाला लगेच धरतो. बाईंनी दारातच विचारलं, "सैवम?" अण्णाला वाटलं, धर्म विचारतात. छाती काढून म्हणाला, "होय, वीरशैव!" बाई हसल्या. तमिळमध्ये सैवम म्हणजे शैव आणि सैवम म्हणजेच शाकाहारी, शब्द एकच. अण्णाला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या खाण्याचं आणि देवाचं नाव एकाच शब्दात सापडलं होतं. तो फुलून गेला. पुढचे दोन दिवस तोच आमचा दुभाषी. उप्पु तर कन्नडसारखंच उप्पु. हालुचं पाल, हुळीचं पुळी. कन्नडचा 'ह' काढून 'प' बसवायचा, की निम्मं काम भागतं, असा त्याने नियम केला. उरलेलं निम्मं तो हातवाऱ्यांनी भागवायचा.

आणि त्या पहिल्याच जेवणात माझं बिंग फुटलं. केळीच्या पानावर भात, सांबार, शेवग्याच्या पाल्याची भाजी, वांगं, आणि बाजूला सांबोल. बाईंनी अण्णाच्या पानात ते वाढताना इंग्रजीत सांगितलं, "निवांत खा. आमच्या सैव स्वयंपाकात मासी नसते. दक्षिणेकडे सगळीकडे घालतात."

मासी. तमिळमध्ये उंबलकडाला मासी म्हणतात. मराठी येणाऱ्या माणसाला ह्या शब्दाचा अर्थ समजवावा लागत नाही. अण्णाचा हात पानावर थांबला. त्याने आधी बाईंकडे बघितलं, मग सरळ माझ्याकडे.

"तुला ठाऊक होतं," म्हणाला. विचारलं नाही.

"पहिल्या दिवसापासून," मी म्हटलं.

तो उठला, आत जाऊन आंघोळ करून आला. कपाळाला विभूती लावली. परत पानावर बसून भात कालवला आणि जेवला. रात्रभर माझ्याशी बोलला नाही. सकाळी चहाच्या वेळी म्हणाला, "मासा खाल्ला त्याचं काही नाही, ते माझं मी बघून घेतो. तू बघत बसलास, हे वाईट केलंस." ह्याला उत्तर नव्हतं. हे इथे लिहायची त्याने परवानगी दिली आहे, अट एवढीच की, 'भुगा अगदी बारीक होता' हे लिहायचं. लिहिलं.

त्या बाईंनी आणखी एक सांगितलं. आम्ही पोचलो त्याच्या दोनच दिवस आधी, 18 मे होऊन गेली होती. तिथलं यादवी युद्ध 2009 मध्ये त्या तारखेला संपलं. शेवटच्या दिवसांत मुल्लिवायक्कालच्या किनाऱ्यावर अडकलेल्यांना खायला होती ती तांदूळ, पाणी आणि मिठाची कांजी. दर वर्षी त्या आठवड्यात तमिळ भागात तशीच कांजी रस्त्यावर वाटतात, कुणीही थांबून पितं. तिच्यात नारळ नाही, फोडणी नाही. आमच्या यादीत जाफन्यासाठी सात ओळी होत्या, ही नव्हती. त्यावर आम्ही काही बोललो नाही. निघताना बाईंना कुंद्याचा डबा दिला. त्यांनी चमचाभर तोंडात घातला आणि विचारलं, दूध किती वेळ आटवता? वकील ठोकून म्हणाला, "दिवसभर." खरं कुणालाच माहीत नव्हतं. बेळगावात कुंदा विकत आणायचा असतो.

आम्हा तिघांचा खेकड्याचा रस्सा झाला, ताडगोळे झाले, ताडाचा गूळ झाला. खेकड्याला संकेश्वरीची बरोबरी करणारं तिखट होतं. अण्णाच्या आईचं म्हणणं तिथे मोडीत निघालं.

परतीला दांबुल्याला थांबलो. तिथला भाजीचा घाऊक बाजार म्हणजे मोठं एपीएमसी. "इंडिया?" असं विचारून एका अडत्याने मला हाताला धरून कांद्याच्या ढिगाकडे नेलं. मोठ्या कांद्याला तिथे 'बॉम्बे' म्हणतात. भारताने डिसेंबर 2023 मध्ये निर्यात बंद केली, 4 मे 2024 ला उठवली पण वर 40 टक्के शुल्क ठेवलं. मधले पाच महिने ह्यांच्या फोडणीला महाग गेले. तो माझ्याशी अशा सुरात बोलत होता जसं बंदी मीच घातली. मी त्याला सांगितलं, आमच्याकडे त्याच बंदीने शेतकरी रडत होता. तो म्हणाला, "तुमचा रडतो, आमचा रडतो, मग हसतो कोण?" पाऊस आला म्हणून चर्चा तिथेच राहिली.

त्या संध्याकाळी मात्र आम्ही शहाण्यासारखे सव्वासहालाच जाऊन बसलो. दुकान म्हणजे रस्त्याकडेला पत्र्याचं छप्पर, चार बर्नर, चार छोट्या कढया. कढई आपल्या फोडणीच्या पळीपेक्षा जरा मोठी, खोलगट, दोन कानांची. तांदळाचं आंबवलेलं पीठ, नारळाच्या दुधात सैल केलेलं. माणूस एक पळी ओततो, दोन्ही कान धरून मनगटाने एक गिरकी देतो. पीठ कडेने वर चढतं, उरलेलं तळाशी जमतं, झाकण. मग दुसरी कढई. चौथीला गिरकी देईतो पहिली तयार. कडा तपकिरी, जाळीदार, कुरकुरीत; मधला भाग आंबोळीसारखा मऊ. सांगाल तर मधोमध अंडं फोडतो. कडेने सराटा फिरवला की वाटी सुटून येते. आपल्या आप्प्यांशी नावाचं नातं सोडलं तर काही नाही. सहा चाळीसला पहिला घाणा आला. सात वाजेपर्यंत आम्ही सव्वीस खाल्ले, त्यातले नऊ अण्णाचे, साखर आणि नारळाच्या दुधाबरोबर. लुणु मिरिसच्या चटणीतही उंबलकड असतं, म्हणून ती वाटी त्याने बोटाने दूर सरकवली आणि ती मी त्याच्यासमोर खाल्ली नाही.

दुसरा दिवस वैशाखी पौर्णिमा, तिथला वेसाक. मांस आणि दारूची दुकानं बंद. एक्सेलप्रमाणे हा दिवस वाया. झालं उलटंच. मातलेच्या अलीकडे पोरांनी झेंडे आडवे धरून गाडी थांबवली. मला वाटलं, पुन्हा वेगाचं लचांड. पण तो 'दन्सल' होता. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना फुकट खायला घालायचं, बुद्धपौर्णिमेचं दान. रांगेत बसवलं, भात, डाळ, वांग्याची आंबट-गोड भाजी वाढली. वकिलाने खिशात हात घातला तर वाढणारा मुलगा असा दुखावला की वकिलाला चक्क त्याची माफी मागावी लागली. आपल्या गणपती मंडळांचा महाप्रसाद असतो तसाच थाट, फक्त स्पीकरवर शांतता. चार किलोमीटरवर दुसऱ्यांनी थांबवलं, साबुदाण्याचे उकडलेले कंद. पुढे कडल्यांची उसळ. कँडीच्या वेशीवर आइस्क्रीम. पाचव्या झेंड्याला अण्णा खिडकीतून दोन्ही हात जोडून "साकु, साकु", म्हणजे कन्नडमध्ये पुरे, पुरे, म्हणत होता. आख्ख्या सहलीत काहीही न विचारता, ताट न तपासता तो जेवला तो हाच दिवस. रात्री कँडीत घराघरावर कागदी कंदील लागले, आणि मेमध्ये दिवाळी बघून मास्तर फोटो काढायचं विसरला.

डोंगरातले दोन दिवस पटकन सांगतो. धुकं, पाऊस, चहाचे मळे, घाटात लाल सरकारी बसवाले असे अंगावर येतात की आंबोली घाटातले ट्रकवाले सज्जन वाटावेत. चहा उत्तम, खाणं बेताचं.

पण कँडीच्या खाली उतरताना मास्तर एकाएकी ओरडला, "थांब, थांब! भेर्ली माड!" रस्त्याकडेच्या घरामागे तो उभा होता, माशाच्या शेपटीसारखी पानं, मधूनच लोंबणारे फुलोऱ्याचे झुपके. खानापूरच्या जंगलात, आंबोलीकडे हा माड शेकड्याने आहे. आम्ही त्याची पानं मांडवाला बांधतो, पूर्वी खोड पोखरून पाटाच्या पाण्याला पन्हळ करायचे. इथे त्याच झाडाला बांबूची शिडी लावलेली आणि वर मडकं. कितुल म्हणतात. फुलोऱ्याला काप देऊन सकाळ-संध्याकाळ रस उतरवायचा, चुलीवर आटवला की काकवीसारखा पाक, आणखी आटवला की गूळ. घरातल्या आजीने नारळाच्या करवंटीत थोडा पाक दिला. काकवीपेक्षा पातळ, आणि मागे धुराची चव. मास्तर बराच वेळ त्या झाडाकडे बघत राहिला. "माझ्या शाळेच्या मागं तीन आहेत," म्हणाला. "पोरं सुट्टीत त्यांच्यावर दगड मारतात."

तिस्समहारामाच्या रस्त्याला म्हशीच्या दह्याची मडकी दुकानाबाहेर उतरंडीसारखी रचलेली असतात. मातीच्या रुंद वाडग्यात विरजण लावतात, माती पाणी ओढून घेते आणि दही असं घट्ट होतं की वाडगा उलटा केला तरी पडत नाही. त्यावर कितुलचा पाक. अण्णाने एकट्याने अर्धा वाडगा संपवला आणि मग मला चमचा दिला. इतक्या दिवसांनी आमचं खऱ्या अर्थाने बोलणं सुरू झालं ते तिथे.

गॉलला आंबुल तियल खाल्लं. ट्यूनाचे तुकडे गोरक्याच्या कोळात काळे होईस्तोवर कोरडे शिजवतात. गोरका हा आपल्या कोकमाचा सख्खा चुलत. कोलंबोत समुद्रावर कोळंबी टोचलेले वडे झाले. कॅफेत न मागताच वड्या-रोल-कटलेटची भरलेली थाळी टेबलावर येते आणि उठताना खाल्लेल्याचेच पैसे मोजतात, हे बघून वकील हरखला. "आपल्याकडे हे चालायचं नाही," म्हणाला, आणि दोन रोल खाऊन तीनचे पैसे दिले. आदल्या आठवड्यात दन्सलमध्ये दुखावलेल्या त्या मुलाचं ओझं असावं.

घरी आलो. पाकाची बाटली बॅगेत सांडली, तीन शर्ट आणि वकिलाची एक्सेलची छापील प्रत चिकट झाली. मी शिरवाळ्यांचा लाकडी साचा आणला होता. रात्री नऊला तो आईसमोर ठेवला आणि म्हटलं, करूया का?

तिने साचा हातात घेऊन फिरवून बघितला, माळ्यावरचा आजीचा पितळी साचा मला आठवतो का विचारलं, आणि दिवा मालवता मालवता म्हणाली, "आता? शिरवाळे सकाळी करायचे असतात. उद्या सहाला उठ."